मला सल्ला हवा होता

बँकेत अधिकाऱ्याने स्केल दोनवरून तीनवर, म्हणजे वरच्या श्रेणीत, जायचं म्हणजे बदली आलीच, हे आमच्याकडे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे प्रमोशनचं सर्क्युलर निघालं की शाखेतल्या बायकांचं ठरलेलं बोलणं सुरू होतं. कुणाच्या मुलीची बारावी, कुणाच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नवऱ्याची फिरती. माझ्या बाबतीत आई होती. बाबा गेल्यापासून ती मुलुंडला माझ्याकडे असते, धाकटा भाऊ पुण्याला. दरवेळी मी स्वतःचं नाव स्वतःच बाजूला काढायची आणि कामाला लागायची. त्याचं काही वाटल्याचं आठवत नाही.

मग एका वर्षी सर्क्युलर आलं आणि माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. छातीवर दडपण. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये कुर्ला गेलं की काही कारण नसताना डोळे भरून यायचे. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, ईसीजी सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल आलं. तेच म्हणाले, "ताई, कुणाशी तरी नीट बोला. औषधाचं मग बघू."

अशी मी दादरला एका समुपदेशक बाईंकडे पोचले. तिथे पुढे जे झालं ते लिहावंसं वाटतं, कारण समुपदेशन म्हणजे शहाण्या माणसाने चार समजुतीच्या गोष्टी सांगणं, असं आपल्याकडे अजून मानतात. मीही त्याच अपेक्षेने गेले होते.

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुन्या इमारतीचा तळमजला. वेताच्या दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या. वेळ पन्नास मिनिटांची. सुरुवातीला मॅडमनी सरळ प्रश्न विचारले. झोप किती, भूक कशी, औषधं कुठली चालू आहेत, जीव नकोसा वाटतो का, तसं काही करावंसं वाटलंय का. इतक्या सरळ मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त जिवाला धोका दिसला तर घरच्यांना कळवावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन, असंही.

मग म्हणाल्या, "बोला."

मी सगळी परिस्थिती मुद्देसूद मांडली आणि शेवटी विचारलं, "तर मॅडम, मी फॉर्म भरू की नको, एवढंच सांगा."

त्या जरा थांबल्या. "हे दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलं तर सुटल्यासारखं होईल, असं वाटतंय."

"हो, म्हणूनच आलेय."

"आणि इतकी वर्षं स्वतः ठरवून दमायला झालंय."

मी स्वतः ठरवत आले, असं मी म्हटलंच नव्हतं. मी 'नाही' म्हणत आले होते, बस. पण 'दमायला झालंय' हे ऐकलं आणि घसा दाटून आला. पुढे मला धड बोलता आलं नाही. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि गप्प राहिल्या. बाहेर घासाघीस चालली होती, कुणीतरी भाजीवाल्याला पाव किलोचा भाव विचारत होतं, आणि आत आम्ही दोघी गप्प. त्या दिवशी परतताना माझा राग राग झाला. पैसे देऊन मी बोलायचं, आणि त्यांनी माझंच मला परत ऐकवायचं?

पुढच्या वेळी मी तसं तोंडावर म्हटलं. त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला सल्ला दिला नाही याचा राग आलाय, आणि ते तुम्ही मला सांगितलंत. हे बरं झालं." मग मी विचारल्यावर त्यांनी आपली पद्धत सांगितली. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, व्यक्तिकेंद्री. नियम वाचल्याशिवाय मला कुठल्याच व्यवहारात चैन पडत नाही, म्हणून मी वाचायला घेतलं.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ चा. तरुणपणी बारा वर्षं ते रॉचेस्टर शहरात मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात काम करत होते. तिथला त्यांनी सांगितलेला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे यायची. मुलाच्या वागण्याचं मूळ आईने त्याला लहानपणी दूर लोटलं त्यात आहे, असं केंद्रातल्या लोकांचं निदान होतं, आणि रॉजर्स ते तिच्या गळी उतरवू पाहत होते. काही उपयोग होईना. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. ती बाई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांना घेता का? परत येऊन बसली आणि आपल्या मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल बोलू लागली. आधीच्या नीटनेटक्या केस हिस्टरीत यातलं काहीच आलं नव्हतं. खरं काम तिथून सुरू झालं आणि पुढे मुलालाही त्याचा फायदा झाला. कुठे दुखतं आणि कुठल्या दिशेने जायचं हे त्या माणसालाच ठाऊक असतं, हा रॉजर्स यांचा विश्वास अशा अनुभवांतून आला. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी मार्ग न दाखवणाऱ्या समुपदेशनाची मांडणी केली, १९५१ मध्ये तिला क्लायंट-केंद्री म्हटलं. पेशंट हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला.

त्या काळात मानसशास्त्रात दोन मोठी घराणी होती. एकीकडे फ्रॉइडची परंपरा, जिच्यात माणसाला दडपलेल्या प्रेरणा ओढत नेतात. दुसरीकडे वर्तनवाद, ज्यात बक्षीस आणि शिक्षा माणसाला घडवतात. रॉजर्स, अब्राहम मास्लो, रोलो मे या मंडळींना दोन्हीकडे माणूस अपुरा दिसत होता. म्हणून मानवतावादी मानसशास्त्राला 'तिसरी शक्ती' म्हणू लागले. १९६१ मध्ये त्यांचं नियतकालिकही निघालं.

मास्लो मला आधीच भेटलेले होते, सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेच्या अभ्यासात. गरजांचा पिरॅमिड: तळाला अन्न-पाणी, वर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि टोकावर आत्मविकास. मी तो पाठ केला होता आणि नकळत तसंच जगत होते. आधी घराचं कर्ज, मग मुलीचं शिक्षण, मग आईचं, आणि सगळं पार पडलं की माझं. आता वाचल्यावर कळलं की मास्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड काढलेलाच नाही. उलट तिथे त्यांनी बजावलं आहे की एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते, असं समजू नका. उदाहरण म्हणून आकडेही दिलेत: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मविकासाच्या १० टक्के भागलेल्या असतात, असं धरा. हे आकडे मोजून काढलेले नव्हते, समजावण्यापुरते होते. पण मी ते ऑफिसच्या डायरीत लिहून ठेवले. माझं सगळं एकाच वेळी अर्धवट असू शकतं आणि त्यातही टोकाच्या दहा टक्क्यांवर माझा हक्क आहे, हे मला परीक्षेच्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

दर आठवड्याच्या बैठकांमध्ये मात्र सिद्धांत नसायचा. मी बोलायचे, त्या ऐकायच्या. ते ऐकणं कसं होतं हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

एकदा मी बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होते. दिवसभर काउंटर, मग हॉस्पिटल, रात्री तिथेच बाकावर. एका रात्री नर्सने सलाइनची बाटली बदलली आणि माझ्या मनात आलं, आता सुटावेत. ते बाबांसाठी आलं होतं की माझ्यासाठी, मला कळलं नाही. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगताना मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावर आठी येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे "असं सगळ्यांनाच वाटतं हो" म्हणून त्या मला गोंजारतील. दोन्ही झालं नाही. त्या म्हणाल्या, "इतक्या थकला होतात. आणि तो विचार आल्यावर स्वतःचीच भीती वाटली."

भीतीच वाटली होती. आजवर मी तिला अपराध म्हणत आले होते.

रॉजर्स याला बिनशर्त स्वीकार म्हणतात. ती शाबासकी नव्हे, आणि 'तुमचं सगळं बरोबर' असंही नव्हे. माणसाने जे आणलं आहे ते अट न घालता जवळ घेणं, इतकंच. दुसरी गोष्ट समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून त्याला दिसतं ते पाहणं, आणि तरीही ते त्याचं आहे, आपलं नाही, हे न विसरणं. तिसरी गोष्ट खरेपणा. १९५७ च्या लेखात त्यांनी बदलासाठी सहा अटी सांगितल्या, त्यातल्या समुपदेशकाकडून हव्या असलेल्या या तीन.

खरेपणाचा अनुभव मला जरा लागला. मी भावाबद्दल लांबलचक सांगत होते. त्याचा फ्लॅट, त्याची नोकरी, वहिनीचं माहेर. मॅडम मध्येच म्हणाल्या, "तुम्ही बरंच सांगताय आणि ऐकताना मी हरवतेय. यात तुम्ही मला कुठे दिसत नाही." बँकेत एखाद्या कस्टमरला मी हे म्हणू शकले नसते. मला अपमान वाटला, मग दोन मिनिटांनी वाटलं, खरंच की. मी त्या गोष्टीत नव्हतेच. मी रागावले होते आणि तो राग त्याच्या फ्लॅटच्या चटईक्षेत्राखाली ठेवून दिला होता.

तिथून आम्ही लहानपणात गेलो. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, आजी. भावाला खिडकीची जागा दिली की आजी डोक्यावरून हात फिरवायची, "शहाणी गं माझी बाय." खाऊचा मोठा वाटा त्याला दिला की पुन्हा शहाणी. हट्ट केला तर कुणी मारलं नाही कधी, पण आजी गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं मला सोसायचं नाही. रॉजर्स म्हणतात, मुलाला माया लागतेच. ती अमुक केलं तरच मिळते असं दिसलं की मूल ती अट आपलीशी करून टाकतं. तान्ह्या बाळाला नकोसा घास तोंडाबाहेर काढता येतो, त्याचं त्याला कळतं. पुढे आपण आतला हा कौल ऐकणं सोडतो आणि दुसऱ्यांच्या पसंतीनेच स्वतःला जोखायला लागतो. त्या अटींत न बसणारं जे काही आत उमटतं ते एक तर आपण ओळखतच नाही, नाही तर वाकवून ओळखतो. मी रागाला थकवा म्हणत होते, इच्छेला स्वार्थ.

आजी वाईट नव्हती. तिलाही कुणीतरी तसंच शहाणं केलं असणार. हे मी मॅडमना ठासून सांगितलं, आणि आजही सांगते. दोष कुणाच्या माथी मारायला मी तिथे जात नव्हते.

मधल्या काळात एकदा नुसतं एका जाणिवेपाशी बसून राहिलो, ते विसरता येत नाही. यूजीन जेंडलिन हे रॉजर्स यांचे शिकागोतले सहकारी. बैठकांची ध्वनिमुद्रणं अभ्यासताना त्यांना दिसलं की ज्यांना फायदा होतो ती माणसं बोलता बोलता अडखळतात, थांबतात, अंगात काहीतरी अस्पष्ट जाणवतं त्याला शब्द शोधतात. १९७८ मध्ये त्यांनी यावर 'फोकसिंग' हे पुस्तक लिहिलं. मॅडमनी मला विचारलं, "प्रमोशन म्हटलं की अंगात कुठे काय होतं?" मी म्हटलं, इथे, गळ्याच्या खाली. कसं? "जड." थांबले. "नाही, जड नाही. अडकल्यासारखं." परत थांबले. "तसंही नाही. कुणीतरी तळहाताने दाबून धरलंय." हे म्हटलं आणि एक मोठा श्वास आपोआप आला. हात कुणाचा, असं त्यांनी विचारलं नाही. माझं मलाच दिसलं की माझाच उजवा हात तिथे ठेवलेला होता, केव्हापासून कोण जाणे.

सुरुवातीच्या एका बैठकीत त्यांनी मला कार्डं लावायला दिली होती. विल्यम स्टीफन्सन यांची ही क्यू-सॉर्ट पद्धत रॉजर्स यांच्या गटाने शिकागोत वापरली, तेव्हा शंभर वाक्यं असायची. मॅडमचा संच छोटा, मराठीत, जाड कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. 'मला पटकन राग येतो.' 'मी निर्णय घेऊ शकते.' 'माझ्यावर कुणी नाराज नसतं.' 'स्वतःच्या गरजा मी सहज बाजूला ठेवते.' 'अजिबात माझ्यासारखं नाही' पासून 'अगदी माझ्यासारखं' पर्यंत गठ्ठे करायचे. टोकाच्या गठ्ठ्यांत मोजकीच कार्डं बसतात, त्यामुळे निवडावं लागतं. एकदा 'मी आहे तशी' आणि एकदा 'मी असायला हवी तशी'. मग दोन्ही मांडण्या किती जुळतात ते बघायचं.

१९५४ मध्ये रॉजर्स यांच्याच गटातल्या बटलर आणि हेग यांनी या जुळणीचे आकडे दिले. पूर्ण जुळलं तर १, काहीच संबंध नसेल तर ०. उपचारासाठी आलेल्यांची सुरुवातीची सरासरी −०.०१ होती, शेवटी ०.३४ झाली. उपचारासाठी न आलेल्या तुलनेच्या गटाची ०.५८ होती ती ०.५९ राहिली. या आकड्यांत मला दोन गोष्टी दिसतात. माणसं बदलली, आणि तरी ती 'ठीकठाक' लोकांइतकी स्वतःवर खूश झाली नाहीत. दुसरी गोष्टही तितकीच खरी वाटते.

बऱ्याच महिन्यांनी मी तीच कार्डं पुन्हा लावली. 'आहे तशी' मध्ये थोडा फरक पडला, राग वर सरकला, निर्णयही. पण खरी उलथापालथ 'असायला हवी तशी' मध्ये झाली. 'माझ्यावर कुणी नाराज नसतं' हे कार्ड आधी मी क्षणाचाही विचार न करता उजव्या टोकाला ठेवलं होतं. या वेळी ते हातात घेऊन बसले आणि डावीकडे ठेवलं. असं व्हायला हवं असं मला आता वाटतच नव्हतं. मी आदर्शापर्यंत पोचले नव्हते. आदर्शच माझा नव्हता, तो आजीच्या घरातला होता.

रॉजर्स यांनी लहानपणची एक आठवण लिहिली आहे. त्यांच्या घरी हिवाळ्यासाठी बटाटे तळघरात ठेवायचे, एका लहानशा खिडकीच्या कितीतरी खाली. त्या अंधारात बटाट्यांना फिकट पांढरे कोंब फुटायचे आणि दोन-तीन फूट वाढून खिडकीच्या उजेडाकडे जायचे. त्यांचं रोप कधीच होणार नव्हतं, तरी वाढायचा प्रयत्न थांबत नव्हता. विचित्र, वाकड्या झालेल्या माणसांतही त्यांना हीच ओढ दिसायची. माझं पहाटे तीनला जागं होणं मला आता तसं दिसतं. बिघाड म्हणून मी ज्याच्या तपासण्या केल्या ते माझ्यातलं धडपडणारं काहीतरी होतं.

हे सगळं अमेरिकेतल्या ऐसपैस घरांत ठीक आहे, मुंबईत वन बीएचकेत चार माणसं असताना 'स्व' कुठे ठेवायचा, हा प्रश्न मी मॅडमना विचारला होता. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय दिसलं?" मला जे दिसलं ते असं, की मी घरापासून तुटले नाही. आईला चिडून औषध देणं थांबलं, कारण चिडले असले तर आता मी तसं सांगते. रॉजर्स यांचा माणसाच्या चांगुलपणावरचा विश्वास मला थोडा जास्त वाटतो. १९८२ मध्ये रोलो मे यांनी त्यांना जाहीर पत्र लिहून माणसातल्या दुष्टपणाचा प्रश्न विचारला होता, आणि मला त्यात तथ्य वाटतं. शिवाय त्या तीन गोष्टी पुरेशा आहेत हा दावा सगळ्यांच्या बाबतीत टिकत नाही. माझ्या एका नातेवाईक मुलीला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार परत परत येतात आणि त्यापायी त्याच त्या कृती कराव्या लागतात. तिला नुसतं समजून घेऊन भागलं नाही, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेणारी वर्तनोपचाराची पद्धत आणि औषध, दोन्ही लागलं. पण त्या उपचारातही ती टिकली ती तिच्या डॉक्टरांनी तिला कधी वेडी ठरवलं नाही म्हणून, असं ती सांगते.

कुणाला जायचं असेल तर पहिल्या भेटीत पद्धत, शिक्षण आणि फी मोकळेपणाने विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारता येते. फी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतली मानसोपचार ओपीडी आहे, आणि फोनवर बोलायचं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

मी फॉर्म भरला. भावाला फोन करून सांगितलं की निवड झाली तर आईला तुझ्याकडे राहावं लागेल. तो पंधरा सेकंद काही बोलला नाही, मग म्हणाला, "तू अशी नव्हतीस." त्यानंतर त्याचे फोन कमी झालेत आणि मला त्याचा त्रास होतो. इंटरव्ह्यू झाला, यादी लागायची आहे. दादरला मी आता पंधरा दिवसांतून एकदा जाते. हल्ली आम्ही प्रमोशनबद्दल बोलत नाही. आईने पुण्याला जायच्या गोष्टीला लगेच "बरं" म्हटलं, त्याचा मला एवढा राग का आला, हे चाललंय सध्या.